कोणी काय वाचलं

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपार

प्रिय कुमुद,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पाकिटावर लाल शाईने 'व्यक्तिगत' लिहिलं आहे आणि मागे वाचनालयाचा शिक्का मारला आहे. ऑफिसातल्या कुणाला वाटलंच तर वाटू दे की पुस्तकांची यादी आली आहे. तुझ्या घरी कुणी तुझी पत्रं उघडत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही. फोनवर हे माझ्याच्याने झालं नसतं. फोनवर मी नेहमी जबलपूरच्या हवेवरून विमलच्या गुडघ्यावर येतो आणि तिथेच थांबतो. (गुडघा बरा आहे. व्यायाम शिकवायला एक जण घरी येतो, तुझी वहिनी त्याला चहा पाजते, त्याच्या गावाकडच्या गोष्टी ऐकते आणि व्यायाम राहून जातो.) मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचू नकोस. तासभर मोकळी असशील तेव्हाच पाकीट फोड.

मंगळवारी सकाळी मी नुकताच काउंटरवर बसलो होतो. अकराला पाच कमी होते. दिनकरराव आले. तू त्यांना पाहिलेलं आहेस, गोरखीच्या मागच्या गल्लीतले, गणपतीत अप्पांबरोबर वर्गणीला फिरायचे. आता आमच्या कार्यकारिणीचे उपाध्यक्ष आहेत. एरवी येतात ते वर्तमानपत्र घेऊन पंख्याखाली बसतात. त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, रमाकांत, एक छोटंसं काम आहे, प्रिंट काढून दे. त्यांची सून हर्षिता गेल्या महिन्यात चार वर्षांच्या मुलीला घेऊन फूलबागेकडे माहेरी निघून गेली. लश्करात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मी काही फोडत नाही. आता प्रकरण कोर्टात जाणार. ती म्हणते, त्या संध्याकाळी नवऱ्याने हात उगारला म्हणून नेसत्या साडीनिशी निघाले. हे म्हणतात, सगळं आधीपासून ठरलेलं होतं. आणि ते सिद्ध करायला त्यांना हवी आहे हर्षिताने दोन वर्षांत आपल्या वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची यादी, तारखांसकट. वकिलाने सांगितलंय म्हणे, तेवढी मिळाली की नातीचा ताबा आमच्याकडे आलाच समज.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ते हसले. म्हणाले, अरे, यात विचार कसला? आमची सून आहे, परकी थोडीच आहे. तिचं सदस्यत्व माझ्या सहीने झालंय. तुला बटण दाबायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, बटण दाबायला वेळ लागत नाही, म्हणूनच विचार करतो. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. डिग्री ना डिप्लोमा, आणि वकिली शिकवतोय मला, असं ते उठता उठता म्हणाले. वाचन कक्षात चार माणसं बसली होती. चौघांनीही पान उलटलं नाही.

यादीत काय आहे ते मला माहीत आहे. त्यांनी मागितली त्याच दिवशी दुपारी मी ती पडद्यावर उघडून पाहिली, आणि बघायला नको होती हे बघितल्यावर कळलं. तुला ती सांगणार नाही. त्यात कोर्टकचेरीची पुस्तकं असतील, किंवा मुलांच्या गोष्टी आणि लोणच्यांची पुस्तकं असतील. दोन्हींतून वकील त्याला हवं ते काढू शकतो. माणूस एखादं पुस्तक का नेतो हे पुस्तकाच्या नावावरून कळत नाही. तेहतीस वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटून घरी बसलेल्या मुलाने भूकंपशास्त्रावरची सहा पुस्तकं वाचली होती, तेव्हा त्याला भूकंपाशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला घराबाहेर बसायला जागा हवी होती.

त्याच जागेत मला सुमनताईंनी नोकरीला घेतलं. त्या तेव्हा ग्रंथपाल होत्या. तुला आठवतं, मी रात्रंदिवस ती जाड वही घेऊन बसायचो? एका प्राध्यापकाकडून ग्रंथालयशास्त्राची पाठ्यपुस्तकं उसनी आणायची आणि एकेक शब्द वहीत उतरवायचा. चारशे बारा शब्द आहेत त्यात. प्रत्येकासमोर माझी स्वतःची व्याख्या, कुठलीही पुस्तकातून उचललेली नाही. 'दाखलांक' म्हणजे पुस्तकाला आत येताना मिळणारा नंबर; पुस्तक फाटलं, हरवलं, बाद केलं, तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. 'बोधांक' म्हणजे पाठीवरचा नंबर, फळीवरचा पत्ता. अंधारात हात घातला तरी तेच पुस्तक यायला हवं. सूचीतल्या कार्डावर नुसतं 'पाहा' लिहिलेलं असेल तर अर्थ असा की इथे काही नाही, तिकडे जा. आणि 'हेही पाहा' असेल तर इथे आहेच, पण तिकडेही आहे. या दोन्हींत गल्लत करणारे डिग्रीवाले मी पाहिले आहेत. एकदा भोपाळहून तपासणीला आलेल्या बाईंना मी आमच्या सूचीतली एक चूक शोधून दाखवा असं म्हटलं होतं. त्या दोन दिवस शोधत होत्या. सापडली नाही. हे मी आजही सांगतो, बघ, या पत्रातसुद्धा सांगितलंच.

सुमनताई पुस्तकांची देवघेव जुन्या पद्धतीने करायच्या. प्रत्येक सभासदाला जाड कागदाचा एक लहान खिसा दिलेला असे, त्यावर त्याचं नाव. पुस्तकाच्या आत एक कार्ड. पुस्तक न्यायला आलात की पुस्तकाचं कार्ड काढून तुमच्या खिशात घालायचं आणि ते दोन्ही लाकडी खोक्यात तारखेप्रमाणे लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, खिसा तुमच्या हातात. संपलं. पुस्तक कोणाकडे आहे हे कळायचं, कोणाकडे होतं हे कळायचं नाही. मला ही पद्धत आंधळी वाटायची. वहीत मी तसं लिहूनही ठेवलंय, 'आंधळी पद्धत; आकडेवारी अशक्य'. एकदा ताईंना म्हटलं, आपल्याकडे कोणतं पुस्तक किती लोकांनी वाचलं एवढं साधं आपण सांगू शकत नाही. त्या खोक्यातली कार्डं सारखी करत म्हणाल्या, पुस्तक परत आलं की आपण विसरायचं असतं, रमाकांत. मला वाटलं, बाई थकल्या.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि जूनच्या एक तारखेपासून मी पद्धत बदलली. नेवार्क पद्धत म्हणतात तिला. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या कार्डावर रकाने पाडायचे, आणि पुस्तक जाईल तेव्हा नेणाऱ्याचा सदस्य क्रमांक आणि तारीख लिहायची. कार्ड कायम त्या पुस्तकाबरोबर राहतं. एक कार्ड भरलं की दुसरं जोडायचं. दोन महिने मी एकट्याने बसून अकरा हजार कार्डं केली. आता माझं वाचनालय बोलत होतं. वर्षाच्या शेवटी मी कार्यकारिणीपुढे तक्ता ठेवला, कुठला विषय किती फिरला, कोणत्या महिन्यात किती. विश्वासराव तेव्हा नवे सभासद होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त घरी अप्पा म्हणाले, चला, झाडूपोछ्यापेक्षा बरं काम काढलंस. तुला अप्पांचं बोलणं माहीत आहे. त्यांच्या लेखी मी तीस रुपयांचा बल्ब बदलून घेणारा माणूस होतो. जेवताना पानावर बसले की कुणाचा तरी मुलगा इंजिनियर झाल्याची बातमी सांगायचे आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, वाढ ना भात.

कुमुद, तुझा नंबर एकशे सतरा होता. मला आजही त्या काळातले सगळे नंबर पाठ आहेत. मोठेपणा म्हणून सांगत नाही, आता त्याची लाजच वाटते. तू एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतीस. ऑगस्टमध्ये तू बालविभागातलं चित्रांचं एक पुस्तक नेलंस, एका हत्तीच्या पिलाचं. एकवीस वर्षांच्या मुलीने हत्तीचं पिलू का न्यावं, मला गंमत वाटली. तू परत केलंस त्याच दिवशी ते तीनशे चार नंबरने नेलं. नंतर मोठ्या अक्षरांचं गोष्टींचं पुस्तक. तू, मग तीनशे चार. मग प्रवासवर्णन. मग आकाशातल्या ताऱ्यांवरचं. एकदा तर वेलींच्या छाटणीचं, आपल्या घरी तर तुळसही आई लावायची. आधी तू आणि मग तो, असं चालायचं. पण एकोणिसाव्या पुस्तकापासून क्रम उलटला. तो आधी न्यायचा आणि मग तू. म्हणजे हिंदी घरातला तो मुलगा आता मराठी नुसती वाचत नव्हता, निवडतही होता. एकतीस पुस्तकं. ती कार्डं मी तेव्हा किती तरी वेळा हाताळली आणि मला वाटायचं, वा, काय सुरेख नोंद उमटली आहे. खरं सांगतो, याच्या पलीकडे माझा विचार गेलाच नाही. तुम्हा दोघांत काय होतं, काही होतं की नाही, मला आजही माहीत नाही आणि कार्डांवर ते लिहिलेलं नव्हतं.

आता शुक्रवारचं ऐक. हर्षिता आली. एक पुस्तक द्यायचं राहिलं होतं ते परत केलं. मुलगी बरोबर होती, तिने काउंटरखालच्या घंटीवर सतरा वेळा हात मारला. हर्षिता म्हणाली, काका, एक विचारू? माझ्या नावावर काय काय गेलंय ते कुणाला दिसतं का? मी म्हटलं, मला दिसतं. ती म्हणाली, बस, आपको? मी म्हटलं, आत्तापर्यंत. तिने मुलीचा हात घंटीवरून काढला. मग म्हणाली, मतलब माँगा है उन्होंने. माझा चेहरा कधीच माझं ऐकत नाही. दोन वर्षांत ती रिकाम्या हाताने कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली. मुलगी दारातून मागे वळून घंटीकडे बघत होती.

तू म्हणशील, मग पुसून टाक ना ते. तेच तर. दोन वर्षांपूर्वी कार्डं जाऊन संगणक आला. जे नवं सॉफ्टवेअर घेतलं त्यात पहिल्याच महिन्यात मला एक खूण दिसली होती: पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव आपोआप पुसायचं का? हो किंवा नाही. सुमनताईंची आंधळी पद्धत त्या खुणेच्या आत बसलेली होती. मी 'नाही' केलं. का, तर तक्ते चांगले निघतात. पंचवीस वर्षांनी मी तीच चूक दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी मला कुणी टोमणाही मारला नव्हता. तेव्हा 'हो' केलं असतं तर आज दिनकररावांना द्यायला माझ्याकडे काही नसतं आणि मी खरं बोलून मोकळा झालो असतो. आता ती खूण बदलायला तीन सेकंद लागतात. पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. मंगळवारपासून मी चार वेळा ते पान उघडून बंद केलंय. पण मागणी आल्यावर नोंद पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. ते उद्या म्हणतील की ग्रंथपाल तिला सामील आहे, आणि ते हर्षिताच्याच अंगावर येईल. शिवाय, तुला हसू येईल, मी आयुष्यात एकही नोंद खोडलेली नाही. चूक झाली तर शेजारी लाल शाईत दुरुस्ती आणि सही. हा हात ते बटण दाबत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी, सोळा तारखेला अकरा वाजता, कार्यकारिणीची बैठक आहे. विषय एकच: यादी द्यायची की नाही. नाही दिली तर दिनकररावांचा दुसरा ठराव तयार आहे, मला काढून पासवर्ड दुसऱ्याकडे द्यायचा. माझं काय, मी त्रेपन्नाचा झालोय, कुठे तरी पुस्तकांना कव्हरं घालीन. पण यादी त्याच दुपारी छापली जाईल. सात जण आहेत. तीन त्यांचे, तीन माझ्या बाजूचे धरून चाल. सातवे विश्वासराव, जे आता अध्यक्ष आहेत. मी सात पानांचं निवेदन लिहून दिलंय. वहीतले सगळे शब्द वापरले: वाचकाची गुप्तता, देवघेवीच्या नोंदीचा हेतू, नोंद कुणाच्या मालकीची. विमलने वाचलं आणि म्हणाली, बरोबर असेल, पण यात माणूस कुठे आहे?

म्हणून आता ते लिहितो जे सात पानांत नाही.

२३ जानेवारी २०००, रविवार. आदल्या दिवशी आपल्याकडे हळदीकुंकू झालं होतं, सुमनताई आल्या होत्या, आईने त्यांना वाण म्हणून स्टीलचा डबा दिला होता. तू त्यांच्याशी जिन्यात बराच वेळ बोलत होतीस. रविवारी सकाळी तू मैत्रिणीकडे गेलीस. अप्पा गॅलरीत ऊन खात बसले होते आणि त्यांनी नेहमीप्रमाणे सुरू केलं, कुणाच्या मुलाने स्पर्धा परीक्षा काढली, आणि आमचे चिरंजीव पुस्तकांना धूप घालतात. मला त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही कुठलंही नाव सांगा, त्याने काय काय वाचलं ते मी अर्ध्या तासात तुमच्यासमोर मांडतो. ते म्हणाले, असं? मग आपली कुमुद काय वाचते सांग. सायकलवर वाचनालयात गेलो, किल्ली माझ्याकडेच होती. एकतीस कार्डं काढून आणली आणि जेवणाच्या टेबलावर तारखेच्या क्रमाने लावली, चार ओळींत. अठ्ठावीस मिनिटं लागली. अप्पांनी चष्मा लावला. आयुष्यभर सरकारी रकाने तपासलेला माणूस. आधी त्यांना आवडलं, खरंच आवडलं, ते म्हणाले, अक्षर सुंदर आहे रे तुझं. मला किती बरं वाटलं ते तुला सांगू शकत नाही. मग त्यांचं बोट एका ओळीवरून फिरलं, दुसऱ्या ओळीवरून फिरलं, आणि थांबलं. त्यांनी विचारलं, हा तीनशे चार कोण?

कुमुद, इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अप्पांनी ओळखलं. अप्पांनी काही ओळखलं नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त एक आकडा होता. आकड्याला नाव देणारं रजिस्टर वाचनालयाच्या कपाटात कुलपात होतं. माहीत नाही, बघावं लागेल, एवढं म्हटलं असतं तर ते जेवायला बसले असते आणि विसरलेही असते. पण मला रजिस्टर लागत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. मी लगेच म्हणालो, मोहित जैन, नया बाज़ार, कापडाच्या दुकानावरचं घर, पाच जून अठ्ठ्याण्णवला सभासद. तारीखसुद्धा सांगितली मी.

पुढचं तू भोगलं आहेस, मी सांगायचं कारण नाही. संध्याकाळी अप्पा नया बाज़ारला गेले. आठवड्यात तो मुलगा कानपूरला काकांकडे. तुझं कॉलेज बंद, तुझा नंबर एकशे सतरा रद्द करायला अप्पांनी माझ्याच हातून अर्ज लिहून घेतला, आणि मेमध्ये लग्न. तुझा संसार चांगला झाला, शाळेतली मुलं तुला मानतात, हे मी स्वतःला दर दिवाळीला सांगतो. पण एम.ए. तू कधीच पूर्ण केलं नाहीस. आणि तू ठरवून बसलीस की सुमनताईंनी सांगितलं. जिन्यातल्या त्या बोलण्यावरून, आणि निवृत्तीनंतरही त्या रोज वाचनालयात खिडकीपाशी वाचत बसायच्या म्हणून. लग्नात त्या आल्या, तू सगळ्यांच्या पाया पडलीस आणि त्यांना ओलांडून गेलीस. मी मंडपात तुझ्या मागेच उभा होतो. मी बोललो नाही. ताईही बोलल्या नाहीत. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या जिवंत होत्या, दर आठवड्याला वाचनालयात यायच्या, तुझी चौकशी करायच्या, आणि अप्पांना कुणी सांगितलं असेल, असं एकदाही त्यांनी मला विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. लग्नानंतर महिन्याभरात मी एकतीसही पुस्तकांची कार्डं बदलून नवी कोरी घातली, तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागल्या. त्या जुन्या कार्डांचं मी काय केलं ते तू विचारलंस तर सांगीन. मोहितचं पुढे काय झालं तेही मला ठाऊक आहे, आणि तेसुद्धा तू विचारल्याशिवाय सांगणार नाही.

माफी मागायला हे लिहिलं असं समजू नकोस. त्यासाठी मला जबलपूरला यावं लागेल, आणि ये म्हणालीस तर येईन, नको म्हणालीस तरी समजेन. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल संध्याकाळी विश्वासरावांनी माझी सात पानं परत पाठवली. शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'रमाकांतराव, शब्द भारी आहेत, पण एका बाईने काय वाचलं ते घरच्यांना कळलं तर नेमकं बिघडतं काय? आपल्या वाचनालयात असं कधी घडलंय? एक उदाहरण द्या, माझं मत तुमचं.' कुमुद, माझ्याकडे एकच उदाहरण आहे. मी ते नाव न घेता सांगितलं तरी टेबलाभोवतीच्या सातांपैकी दोन तुझ्या लग्नात जेवलेले आहेत, त्यांना कळेल, आणि लश्करातली गोष्ट जबलपूरला पोचायला दोन दिवस पुरतात. ते उदाहरण सांगितलं तर कदाचित हर्षिताची यादी बाहेर जाणार नाही. नाही सांगितलं तर बहुतेक जाईल. पण ती नोंद तुझी आहे, माझी नाही, आणि मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं. या वेळी विचारतो आहे. शनिवारपर्यंत फोनवर फक्त हो किंवा नाही म्हण. कारण सांगू नकोस. नाही म्हणालीस तर हर्षितासाठी दुसरं काय करता येईल ते बघणं माझं काम आहे, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. मी रविवारी उदाहरणाशिवाय उभा राहीन आणि विश्वासरावांना सांगेन की उदाहरण आहे, पण ते ज्यांचं आहे त्यांनी द्यायला परवानगी दिली नाही.

तुझाच, तू ठेवशील तर,
रमादादा